बिलात ८ जीबी, वापरायला ३.२... ४२० लागेल का?

कराडच्या एका डीटीपीवाल्या वाचकाचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो. १४ महिन्यांपूर्वी कोल्हापूरच्या एका दुकानातून ३८ हजारांचा पीसी असेंबल करून घेतला, बिलात ४ जीबीच्या दोन रॅम आणि विंडोज १० लिहिलंय. मोठी फाइल उघडली की मशीन लटकतं. सिस्टिममध्ये बघितलं तर ८ जीबी, पण वापरता येणारी ३.२१. दुकानदार म्हणतो रॅम दिसतीये ना, मग विषय संपला, ६४ बिटचं विंडोज टाकून पाहिजे असेल तर १५०० द्या. आता यांना दुकानदारावर ४२० करायचीय.

अहो, पहिलं ते ४२० डोक्यातून काढा. एकतर ते कलमच आता राहिलं नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८ आलंय, आणि त्यातही विकतानाच फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. तुमच्या डब्यात ८ जीबी खरोखर बसवलेली आहे, पोलीस दोन मिनिटांत म्हणतील दिवाणी मॅटर आहे, जा.

घोळ रॅमचा नाहीच, विंडोजचा आहे. दुकानदाराने ३२ बिटवाली टाकलीये, तिच्याकडे मेमरीला द्यायला पत्ते म्हणजे नंबर असतात ते ४,२९,४९,६७,२९६, बास, म्हणजे बरोब्बर ४ जीबी. त्यातलेही काही नंबर ग्राफिक्स, बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) आणि बाकीची कार्डं आधीच अडवून बसतात, म्हणून तुमच्या हातात ३.२ उरतात. वरची ४ जीबी म्हणजे गट नंबरच न पडलेली जमीन, आहे तुमचीच पण सातबारा निघत नाही! कितीही रॅम वाढवा, फरक शून्य.

मग केस कशावर? तर दुसऱ्या रॅमचे पैसे घेतले आणि ती या विंडोजवर चालणारच नाही हे सांगितलं नाही, यावर. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(९) मध्ये मालाबद्दल माहिती मिळायचा हक्क आहे, आणि २(१०) मध्ये विकणाऱ्याने जे सांगितलं त्यात कमतरता निघाली तर तोही दोषच. डीटीपीचा धंदा आहे म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, असा मुद्दा त्यांचा वकील काढेल, काढू दे. स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू व्यापारी कामासाठी धरत नाहीत, मात्र हाताखाली पाच ऑपरेटर असतील तर आत्ताच सांगा.

आता जी गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून टाकलीत, ती मला सगळ्यात जास्त खटकली. "जुना स्कॅनर चालला पाहिजे एवढंच मी बोललो होतो." साहेब, इथेच गाडी अडणार बघा! ६४ बिटवर ३२ बिटचे बरेच प्रोग्राम चालतात पण ३२ बिटचा ड्रायव्हर, म्हणजे स्कॅनरसारखं यंत्र विंडोजला जोडून देणारा प्रोग्राम, चालत नाही, त्यामुळे दुकानदार सरळ म्हणेल की यांच्या स्कॅनरसाठीच मी ३२ टाकली, माझं काय चुकलं. त्यावर आपला उलटा प्रश्न एकच, मग ८ जीबी विकली कशाला, एक रॅम पुरली असती. पण व्हॉट्सॲपवर नक्की काय बोलणं झालंय ते मला बघायला लागेल.

आणि काहीही करा पण पुरावा काढायच्या आधी कुणा भाच्याकडून फॉरमॅट मारून घेऊ नका. सिस्टिमच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात "३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर" अशी ओळ असेल तर सोन्याहून पिवळं, मशीन ६४ चालवू शकत होतं हे तिथेच सिद्ध. स्क्रीनशॉट, चॅट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागेल, ते मी बघतो.

आधी १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, मागणी एवढीच की ६४ बिट फुकट टाकून द्या नाहीतर एका रॅमचे पैसे परत करा. विंडोज १० चा तोच लायसन नंबर (की) ६४ ला चालतो, नवीन लायसन लागत नाही, म्हणजे १५०० हे नुसते हात लावायचे झाले. ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं, आणि त्यासाठी कोल्हापूरचे हेलपाटे नकोत, तुम्ही राहता तिथे म्हणजे साताऱ्याला तक्रार चालते. ५ लाखांपर्यंत फी नाही. मुदत २ वर्षांची, तुमचे १० महिने उरलेत.

एक आत्ताच सांगून ठेवतो, ६४ टाकल्यावरही पूर्ण ८ दिसणार नाही, आतल्या ग्राफिक्सला थोडी जातेच, काही प्रोसेसरवर तर २ जीबीपर्यंत राखून ठेवलेली असते आणि ती बायोसमधून कमी करता येते. त्याच्यावर नोटीस काढायला माझ्याकडे येऊ नका.

आणि स्कॅनर खरंच सोडायचा नसेल, त्याचा ६४ चा ड्रायव्हरही मिळत नसेल, तर आहे तेच विंडोज राहू द्या आणि नोटिशीत फक्त दुसऱ्या रॅमची बिलातली किंमत मागा.