फिनाले सोडायचं का? परवान्यापेक्षा मंदावलेले आठवडे महाग पडतील

नमस्कार,

तुम्ही १४ वर्षं फिनाले या संगीत लिहिण्याच्या (नोटेशनच्या) सॉफ्टवेअरवर अरेंजमेंट आणि वादकांचे पार्ट्स तयार करता. संग्रहात सुमारे ९०० फाइल्स आहेत, आठवड्याला साधारण ३० तासांचं पैसे देणारं काम असतं आणि उत्पन्न दर महिन्याला कमीजास्त होतं. सहा महिन्यांच्या खर्चाएवढा संकटनिधी तुम्ही जमवला आहे. त्यातून रक्कम काढून नवं सॉफ्टवेअर, नवा संगणक आणि सगळ्या जुन्या फाइल्सचं रूपांतर एका झटक्यात उरकावं का, आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलं आहे.

बदल करा. मात्र एका झटक्यात नको, आणि संकटनिधीतून तर मुळीच नको.

तुमच्या मनातली घाई मला कळते. २६ ऑगस्ट २०२४ रोजी फिनाले बनवणाऱ्या मेकम्युझिक कंपनीने फिनालेचं काम पुढे चालवणार नसल्याचं जाहीर केलं. वर्षभरानंतर ते नव्या संगणकावर सुरू करता येणार नाही, असंही तेव्हा सांगितलं होतं. वापरणाऱ्यांनी आवाज उठवल्यावर ती मुदत कंपनीने मागे घेतली. म्हणजे तुमची प्रत उद्या सकाळी बंद पडणार नाही. खरा धोका ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुढच्या एखाद्या अपडेटचा आहे, आणि ते अपडेट कधी करायचं हे तुमच्या हातात आहे. सध्याच्या संगणकावर ते आपोआप होणं बंद करा. तेवढ्याने तुम्हाला बरेच महिने मिळतील, आणि आर्थिक निर्णयात सवड मिळणं म्हणजे पैसेच मिळणं.

आता खर्च पाहू. पत्रात तुम्ही परवान्याच्या किमतींची तुलना बारकाईने केली आहे, पण सर्वांत मोठा आकडा त्यात नाही. नव्या सॉफ्टवेअरवर पहिले आठ आठवडे तुमचा वेग नेहमीच्या ६० टक्के राहील असं धरा. दर आठवड्याला १२ तास गेले, म्हणजे ९६ तास. पुढचे चार आठवडे वेग ८५ टक्के धरला तर आणखी १८ तास. एकूण ११४ तास, म्हणजे जवळजवळ चार आठवड्यांची कमाई. हा माझा अंदाज आहे, तुमचा हात लवकर बसेलही. पण तरतूद याच आकड्यासाठी करायला हवी, कारण परवान्याची रक्कम यापुढे किरकोळ ठरते.

म्हणून क्रम असा ठेवा: जे महिने चांगले जातात त्यांतून चार आठवड्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात साठवा. ती पूर्ण होईपर्यंत नव्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती रिकाम्या वेळेत हाताळा. रक्कम जमली की परवाना चालू उत्पन्नातून घ्या आणि मंद आठवड्यांची तूट या खात्यातून भरा. संकटनिधी आजारपणासाठी आणि काम अचानक आटल्यास आहे. सॉफ्टवेअर बदलण्याची तारीख तुम्ही स्वतः ठरवणार आहात, त्यामुळे ते संकट नव्हे.

९०० फाइल्सचं रूपांतर आत्ता करू नका. म्युझिकएक्सएमएल म्हणजे नोटेशनची सॉफ्टवेअर्स एकमेकांच्या फाइल्स वाचू शकतात तो सामायिक फाइल प्रकार. त्यातून स्वर, लय, गीताचे शब्द, बहुतेक चिन्हं नीट जातात, पण पानांची मांडणी आणि तुम्ही हाताने सरकवलेल्या गोष्टी पुन्हा बसवाव्या लागतात. एका फाइलला एक तास धरला तरी ९०० तास होतात आणि त्यांचे पैसे कोणी देणार नाही. वर्षभरात दुरुस्तीसाठी जेमतेम ४० फाइल्स परत येतात, असं तुम्हीच लिहिलं आहे. त्या आल्या की बदला आणि तो वेळ बिलात धरा. बाकीचा संग्रह फक्त सुरक्षित करा. फिनालेमध्ये अख्खं फोल्डर म्युझिकएक्सएमएलमध्ये उतरवण्याची सोय आहे. ती वापरा, सोबत प्रत्येक स्कोअरची (सगळ्या वाद्यांचं एकत्रित लेखन) आणि पार्ट्सची पीडीएफ ठेवा आणि हे सगळं दोन वेगळ्या जागी साठवा. हे काम मात्र याच महिन्यात करा, कारण ते फिनाले चालू असतानाच होतं. हा संग्रह तुमची मालमत्ता आहे आणि आज ती एकाच संगणकाच्या भरवशावर आहे.

पर्यायांबद्दल माझं मत तुमच्या उत्पन्नाकडे पाहून आहे. चढउताराच्या कमाईत दरवर्षी हटकून येणारा खर्च टोचतो, म्हणून मी डोरिको या नोटेशनच्याच सॉफ्टवेअरच्या कायमच्या, एकदाच पैसे देऊन मिळणाऱ्या परवान्याकडे झुकते. पुढची मोठी आवृत्ती पैसे देऊन घ्यावी लागते, पण एखादी सोडून दिली तरी हातातलं सॉफ्टवेअर चालत राहतं. तुमचे ग्राहक सिबेलियस या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्याच फाइल्स मागत असतील तर गणित उलटं होतं: मग त्याची वर्गणी हा त्या कामाचा खर्च आहे आणि तो दरात धरायला हवा. म्यूझस्कोअर हा तिसरा पर्याय फुकट आणि मुक्त स्रोत आहे, २०२२ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते खूप सुधारलं आहे, आणि तुमच्या शिकवणीच्या कामाला ते पुरेल. मोठ्या स्कोअरसाठी मात्र तुमचंच एखादं अवघड पान त्यात लिहून पाहिल्याशिवाय ठरवू नका. तुमच्याकडचं नोटपरफॉर्मर, म्हणजे लिहिलेलं संगीत वाद्यांच्या आवाजात ऐकवणारं सॉफ्टवेअर, डोरिको आणि सिबेलियस दोन्हींत चालतं, त्यामुळे तो खर्च पुन्हा नाही. नवा संगणक चाचणी आवृत्ती अडखळली तरच घ्या, आणि घेतलात तरी जुना विकू नका. फिनाले त्यावरच राहू द्या.

'१४ वर्षं वाया जातील' हे तुमचं वाक्य मला लागलं. पान कुठे उलटता येईल, वादकाची नजर कुठे अडखळेल, हे तुम्ही शिकलात ते कोणत्याच कंपनीच्या मालकीचं नाही. जाणार आहेत ते शॉर्टकट, आणि त्यांचीच किंमत आपण वर ११४ तासांत मोजली. अनुभव वाया जात नाही याचं उदाहरण डोरिकोच आहे: २०१२ मध्ये सिबेलियसचं लंडनमधलं कार्यालय बंद झालं, तेव्हा तिथल्या अनेकांना स्टाइनबर्ग या संगीत सॉफ्टवेअर कंपनीने घेतलं आणि त्यांनीच उभारलेलं डोरिको २०१६ मध्ये बाजारात आलं.

पहिलं काम लहान आणि सैल मुदतीचं निवडा, आणि ज्या कामाची तारीख जवळ आहे ते फिनालेतच पूर्ण करा. प्रत्येक कामाचे तास लिहून ठेवा. तीन महिन्यांनंतरही वेग ८० टक्क्यांच्या खाली असेल तर मोठी कामं तिकडे नेऊ नका. तासांची ती वही घेऊन मला पुन्हा लिहा, आपण आकडे नव्याने मांडू.