तोंडातील बुरशी आणि मेदाम्लांच्या गोळ्या

प्रश्न : माझ्या सासूबाई ७० वर्षांच्या असून त्यांना मधुमेह व दमा आहे, त्या कवळी वापरतात. तोंडात वारंवार पांढरा थर येतो आणि डॉक्टर तो बुरशीचा संसर्ग असल्याचे सांगतात. कॅप्रिलिक आम्लाच्या गोळ्यांनी तो कायमचा जातो, असे ऐकले. त्या सुरू कराव्यात का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : या गोळ्यांवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यामागची कल्पना अगदीच निराधार नाही. खोबरेल तेलात कॅप्रिलिक, कॅप्रिक व लॉरिक ही मेदाम्ले असतात, आणि आइसलँडमधील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात यांपैकी कॅप्रिक व लॉरिक आम्लांनी कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी मारल्याचे दिसले होते. पण तो प्रयोगशाळेतला प्रयोग. तेथे आम्ल बुरशीला थेट भिडते. गिळलेल्या गोळीतील कॅप्रिलिक आम्ल आतड्यातून शोषले जाऊन थेट यकृतात जाते आणि तेथेच बहुतांशी खर्ची पडते, मग ते जिभेवर परिणाम करणार कसे? पुढे उंदरांना खोबरेलयुक्त आहार दिल्यावर बुरशी कमी झाली, तीही आतड्यातली.

सासूबाईंचा त्रास उलटतो, त्याची कारणे तुमच्या पत्रातच आहेत. रात्री काढलेल्या कवळीच्या टाळूकडील बाजूवरून बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागले, तर बुरशीचे बिऱ्हाड तेथेच आहे. कवळी रोज ब्रशने घासावी आणि झोपताना तोंडात ठेवू नये. दम्याच्या पंपात स्टेरॉइड असेल, तर प्रत्येक वेळी पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरून पाणी थुंकावे, आणि शक्य असल्यास स्पेसर (पंपाच्या तोंडाला जोडायची पोकळ नळी) वापरावा. रक्तातील साखर आटोक्यात नसेल, तर एवढे करूनही थर परत येईल.

क्लोट्रिमॅझोल किंवा निस्टॅटिन ही तोंडात लावण्याची औषधे पारखलेली आहेत; डॉक्टरांनी सांगितलेले दिवस ती पूर्ण करावीत. फ्लुकोनॅझोलची गोळी मात्र मनाने आणून देऊ नये, कारण ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर ती घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

पांढरा चट्टा पुसूनही निघत नसेल, विशेषतः मिश्री किंवा तंबाखूची सवय असल्यास, त्याला बुरशी समजून थांबू नका. मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे तो लगेच दाखवा.