क्लब बदलला की स्ट्रायकरचे गोल कुठं जातात?

या महिन्यात पत्रं जवळजवळ सगळी फुटबॉलचीच आली आणि त्यातली बरीचशी एकाच तक्रारीची, पोरगा जुन्या टीमकडून गोल मारत होता आणि नव्या टीममध्ये गेला नि बंद झाला. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवतो, ही चार पत्रं आधी.

प्रश्न : सर, माझा धाकटा भाऊ स्ट्रायकर आहे. बेळगावच्या एका टीमकडून दोन सीझन खेळला, टीम काय मोठी नव्हती पण हा लेले ग्राउंडवर नि आजूबाजूच्या टुर्नामेंटात धडाधड गोल मारायचा. ते बघून या वर्षी कोल्हापूरच्या एका मोठ्या पेठेच्या टीमनं नेलं. आता अर्धा सीझन झाला तरी एकच गोल आहे आणि तोपण पेनल्टीवर. शाहू स्टेडियमला लोक ओरडायलेत, कोच आता त्याला दुसऱ्या हाफलाच उतरवायलेत. प्रॅक्टिस बुडवत नाही, फिट आहे, मग झालंय काय ओ? टोरेसचं पण असंच झालतं म्हणतात, खरं काय? – एक वाचक, निपाणी

उत्तर : खरं आहे, आणि स्पेनच्या त्या स्ट्रायकरचं, टोरेसचं, नीट बघितलं तर तुमच्या भावाचं निम्मं उत्तर तिथंच मिळतंय. लिव्हरपूलकडून लीगच्या १०२ मॅचमध्ये ६५ गोल मारलेला माणूस तो. ३१ जानेवारी २०११ ला चेल्सीनं ५ कोटी पौंड मोजून घेतला, तेव्हा ब्रिटनमधला सगळ्यात महागडा सौदा होता तो, आणि पहिला गोल यायला २३ एप्रिल उजाडला, वेस्ट हॅमच्या विरुद्ध, पावसानं पाणी साचलेल्या ग्राउंडवर. पुढंही गाडी रुळावर आली नाहीच, चेल्सीत लीगच्या ११० मॅचमध्ये २० गोल. लोक म्हणाले पैशाचं दडपण आलं. असेल थोडंफार. पण लिव्हरपूलला तो गोल कसे मारायचा ते आठवा, बॉल हिसकावला की मिडफिल्डर जेरार्डनं मान वर करायच्या आत टोरेस सुटलेला असायचा, डिफेंडरच्या पाठीमागं मोकळी जागा आणि बॉल बरोबर त्या जागेत. चेल्सीचा खेळ तसा नव्हता. बॉल जास्त वेळ स्वतःकडं ठेवणार, पुढं द्रोग्बासारखा दांडगा माणूस धरून सगळी मांडणी केलेली, आणि समोरची टीम घाबरून बॉक्सपुढं, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीपुढं, गर्दी करून उभी. पळणाऱ्या माणसाला पळायला जागाच नाही. त्यात २०१० च्या एप्रिलमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पहिल्या दोन-चार पावलांचा तो झटका कमी झाला होता, हे पण धरायला पाहिजे.

आता भावाकडं या. तुम्हीच लिहिलंय की जुनी टीम काय मोठी नव्हती. साध्या टीमशी खेळताना समोरचे बिनधास्त वर चढतात, मागं सगळं रान मोकळं सोडतात, आणि वेगवान पोराला एवढंच पाहिजे असतं, एक लांब बॉल नि पळत सुटायचं. मोठ्या टीममध्ये गेला की तेच समोरचे लोक खाली दबून बसतात. आता त्याला पाठीवर एक स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, घेऊन, बाजूला दुसरा, अशा अडचणीत बॉल अडवायचा, एका टचमध्ये वळायचं नि शॉट मारायचा, हे काम वेगळं आहे आणि बेळगावला त्याला ते कधी करावंच लागलं नसणार. पोरगा तोच आहे, पायही तेच आहेत, त्याला मिळणारा बॉल बदललाय.

म्हणून पहिलं काम हे करा. कुणाच्या तरी मोबाईलवर मॅचचं शूटिंग असतंयच, ते घेऊन बसा आणि गोल मोजायचे सोडून एवढंच मोजा की बॉक्सच्या आत त्याला बॉल किती वेळा मिळाला नि शॉट किती गेले. मॅचला तीन-चार चांगले शॉट जात असतील तर काळजी करू नका, थांबा. एकच जात असेल किंवा तोपण नाही, तर प्रश्न त्याच्या फिनिशिंगचा नाहीच, बॉल पोचवणाऱ्यांचा आहे. बेल्जियमच्या स्ट्रायकर लुकाकूचं बघा. इटलीच्या इंटरकडून २०२०-२१ ला लीगमध्ये २४ गोल मारून टीमला चॅम्पियन केलं, शेजारी दुसरा स्ट्रायकर लाउतारो असायचा, पुढं मोकळी जागा असायची. चेल्सीनं ९ कोटी ७५ लाख पौंडाला घेतला आणि १९ फेब्रुवारी २०२२ ला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध पूर्ण ९० मिनिटांत त्याचे टच किती, तर ७, त्यातला एक किकऑफचा. सात टचमध्ये कोण गोल मारणार हो? ती मॅच चेल्सीनं जिंकली आणि तरी दुसऱ्या दिवशी सगळे बोलले ते लुकाकूबद्दलच, मला त्याचं फार वाईट वाटलं होतं.

थांबा का म्हणतोय तेही सांगतो. मोठ्या लेव्हलच्या फुटबॉलमध्ये साधारण दहा शॉटमागं एक गोल होतो, पेनल्टी सोडून. समजा भावाला मॅचला तीन शॉट मिळतात, म्हणजे पाच मॅचमध्ये पंधरा. त्यातला एकही आत न जाण्याची शक्यता गणितानं काढली तर पाचात एक निघते. म्हणजे काहीही न बिघडता, अगदी चांगल्या स्ट्रायकरचे सुद्धा पाच-पाच मॅच कोरडे जाऊ शकतात. जुन्या टीममध्ये पण असे कोरडे पाच मॅच गेले असतील, तेव्हा कुणी मोजले नाहीत कारण तो घरचा होता. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवसापासून मोजणी चालू.

आणि शाहू स्टेडियमचं म्हणाल तर तिथल्या लोकांना फुटबॉल कळतं, पेठेचा अभिमान असतो, ते ओरडणारच. त्या ओरडण्यानं पोराच्या खेळात काय फरक पडतो तेवढं बघा. दोन गोष्टी होतात, एक तर तो पंचवीस यार्डावरून वाटेल तसा शॉट मारायला लागतो, एकदाचा गोल व्हावा म्हणून, नाहीतर समोर गोल दिसत असताना पास देतो, चुकलं तर शिव्या नकोत म्हणून. शूटिंगमध्ये यातलं काही दिसलं तर घरच्यांनी बोलायला पाहिजे, आणि तेही मॅच झाल्या झाल्या नको, दोन दिवस जाऊ देत. बाकी मिडफिल्डरशी त्याची ओळख वाढायला पाहिजे. प्रॅक्टिस संपल्यावर जो माणूस पास देतो त्याला अर्धा तास थांबवून घ्यायचं, मी असा सुटतो, बॉल या पायावर दे, इतकं साधं बोलायचं. नवीन पोरं लाजतात हे बोलायला, आणि सीझन तसाच निघून जातो.

प्रश्न : मी या वर्षी टीम बदलली आणि गोल होईनात, म्हणून प्रॅक्टिसनंतर रोज शंभर शॉट मारायचं ठरवलंय. बरोबर आहे काय? – खानापूर

उत्तर : थांबलेल्या बॉलला बॉक्सच्या बाहेरून शंभर वेळा मारून मांड्या भरून येतील, बाकी काही नाही. स्ट्रायकरचे बरेचसे गोल बॉक्सच्या आतून येतात, हलत्या बॉलवर, आणि मारायला जेमतेम एक-दोन टच मिळतात. म्हणून वीस-पंचवीसच मार पण मित्राला बाजूनं क्रॉस टाकायला लाव, एकाला अंगावर यायला लाव, आणि पहिल्या टचला मारायची सवय कर. नवी टीम टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, खेळत असेल तर अजून एक, आपल्या लाल मातीवर बॉल उसळतो, वाकडातिकडा येतो, आणि त्या हिशोबानं आपला पाय थोडा थांबून पडतो. टर्फवर तो सरळ नि जोरात घसरत येतो, तेवढ्यात स्टॉपर पुढं येऊन घेऊन जातो. ग्राउंड बदललं असेल तर शॉटच्या आधी पहिला टच सुधार.

प्रश्न : आम्ही मित्र रात्री जागून प्रीमियर लीग बघतो. इतके कोटी घालून घेतलेला स्ट्रायकर पहिल्या वर्षी फेल जातो असं दरवर्षी एक तरी असतंय. क्लबवाल्यांना आधी कळत नाही काय? आणि किती मॅच बघून ठरवायचं की सौदा फसला? – शहापूर, बेळगाव

उत्तर : क्लब स्ट्रायकरला विकत घेतात ते त्याच्या सगळ्यात चांगल्या सीझननंतर. त्या सीझनमध्ये त्याचं कौशल्य असतंच, पण थोडं नशीबही असतं, एखादा बॉल स्टॉपरच्या पायाला लागून आत गेलेला असतो, पेनल्टी जास्त मिळालेल्या असतात. पुढच्या वर्षी तो जुन्याच क्लबमध्ये राहिला असता तरी गोल थोडे कमीच झाले असते. आपण मात्र त्या एका वर्षाची तुलना नव्या क्लबशी करतो. शिवाय वय. शेवचेन्को २००६ ला मिलानमधून चेल्सीत आला तेव्हा तिशीला टेकला होता, २००४ चा बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूचं बक्षीस, घरात, आणि चेल्सीत लीगच्या ४८ मॅचमध्ये ९ गोल. तो तिथं पुन्हा सावरलाच नाही.

पण उलटी उदाहरणं मला जास्त आवडतात. बर्गकॅम्प इंटरमध्ये दोन वर्षं चाचपडला, १९९५ ला आर्सेनलला आला, पहिल्या सात मॅचमध्ये गोल नाही, मग साउदॅम्प्टनविरुद्ध दोन, आणि पुढं काय झालं ते जगाला माहीत आहे. ऑन्री १९९९ ला आला तेव्हा युव्हेंटसनं त्याला विंगवर खेळवलेलं, आर्सेनलचे कोच वेंगरनं मधे आणलं, सुरुवातीला त्याचे पण शॉट भलतीकडंच जायचे, आणि तो सीझन त्यानं २६ गोलांवर संपवला. फोर्लान तर जानेवारी २००२ ला मँचेस्टर युनायटेडला गेला आणि पहिला गोल सप्टेंबरात, तोपण पेनल्टी! इंग्लंडमध्ये त्याची चेष्टा झाली. स्पेनमध्ये गेल्यावर २००४-०५ ला व्हिलारेयालकडून लीगमध्ये २५, २००८-०९ ला अॅटलेटिकोकडून ३२, आणि २०१० च्या वर्ल्ड कपचा गोल्डन बॉल, म्हणजे स्पर्धेतल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूचं बक्षीस. आपल्याकडचं बघायचं तर रॉय कृष्णा, कोलकात्यात २०१९-२० ला १५ गोल मारून आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) टॉप स्कोअररमध्ये, नंतर आपल्या बेंगळुरूकडं आला तर ती धार दिसली नाही, लोक म्हणाले वय झालं, आणि २०२३-२४ ला ओडिशाकडून परत १३. वय तर वाढलंच होतं की. त्याला पाहिजे तसा बॉल तिथं मिळाला.

किती मॅच बघायचं? माझं मत विचाराल तर उन्हाळ्यात आलेल्याला पूर्ण एक सीझन द्या, आणि जानेवारीत आलेल्याला पुढचा सीझन सुरू होईपर्यंत काही बोलूच नका, कारण त्याला प्री-सीझनच, म्हणजे सीझनआधीचा सरावच, मिळालेला नसतो. टीमबरोबर सराव करायला तेवढाच काळ असतो, मधे दर तीन-चार दिवसांनी मॅच, मग कुठं शिकणार.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. इथं शाळेच्या टीमचा मुख्य गोल मारणारा होता. जूनपासून बेंगळुरूला एका क्लबच्या युथ टीममध्ये आहे, हॉस्टेलवर राहतो. अजून एकही गोल नाही. फोनवर धड बोलत नाही, जेवण सोसत नाही म्हणतो, बरोबरची पोरं इंग्लिश नि मल्याळम बोलतात, याचं शिक्षण मराठी मिडीयमचं, कन्नड पण तोडकंमोडकं. परत आणू काय? – एक आई, वडगाव

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात गोल न होण्याची कारणं तुम्हीच लिहिलीत. जो पोरगा पोटभर जेवत नाही त्याला सत्तराव्या मिनिटाला पळायला ताकद कुठून येणार, आणि जो बरोबरच्या पोरांशी बोलत नाही त्याला ती पोरं बॉल तरी कशी देणार. मैदानावर बॉल ओरडून मागावा लागतो, हक्कानं. सतराव्या वर्षी परक्या ठिकाणी तो हक्क वाटायला वेळ लागतो.

सुनील छेत्रीसुद्धा २०१० ला अमेरिकेत कॅन्ससच्या क्लबला गेला होता, लीगमध्ये खेळायलाच मिळालं नाही. २०१२ ला लिस्बनला स्पोर्टिंगच्या बी टीममध्ये गेला, तिथंही जमलं नाही. परत आला, २०१३ ला बेंगळुरूत रुजला, आणि भारताकडून ९० च्या वर गोल मारले. म्हणजे परत येणं ही काही नामुष्की नाही. पण तो तिथं जाऊन, प्रयत्न करून बघून आला.

म्हणून आत्ता लगेच आणू नका. आधी जेवणाचं बघा, हॉस्टेलच्या वॉर्डनशी स्वतः बोला, तो लाजून बोलणार नाही. भाकरी नाही मिळणार पण अंडी, दूध, केळी, शेंगदाणे एवढं तरी रोज पोटात जायला पाहिजे. कन्नड त्याला आपल्या गावात रोज कानावर पडलंय, तोडकंमोडकं का असेना बोलू दे, टीममध्ये एक जरी कन्नड बोलणारा मित्र झाला तरी बाकीचं सोपं होतं. मग कोचना फोन करा आणि गोल का होत नाहीत असं विचारू नका, तो मॅचला किती मिनिटं खेळतो आणि कुठल्या जागेवर खेळतो एवढंच विचारा. शाळेत स्ट्रायकर असलेल्या पोराला या वयात बरेच कोच विंगवर टाकून बघतात आणि घरी कुणाला माहीतच नसतं, मग गोल कुठून दिसणार. खेळायला मिळत असेल तर मार्चपर्यंत राहू दे. बेंचवरच बसवून ठेवलं असेल तर मला परत लिहा, बेळगावात वर्षभर चांगली मॅच मिळतील अशा टीम आहेत, मी स्वतः बोलून बघतो.