भाची अमेरिकेत बीएसएन (नर्सिंगची पदवी) करतेय, पुढे मास्टर्सचा विचार आहे. तिथल्या सरकारी बदलांचा तिला फटका बसेल का?

बीएसएनला लगेच धक्का नाही; पदवीच्या कर्जाची मर्यादा तीच आहे. गोची पुढे आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज) १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद. त्यातून फीसकट राहण्याखाण्याचा सगळा खर्च भागायचा. आता मास्टर्स-डॉक्टरेटला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर, एकूण १ लाख. डॉक्टरकी, वकिली अशा 'प्रोफेशनल' पदव्यांना मात्र २ लाखांपर्यंत मुभा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरलेल्या नियमांच्या मसुद्यात त्या यादीत नर्सिंग नव्हतं, म्हणून तिकडे एवढा ओरडा झाला. भूल देणाऱ्या नर्सचा कोर्स १ लाखात सहसा भागत नाही. उरलेल्यासाठी खासगी कर्ज, म्हणजे बऱ्याचदा जास्त व्याज आणि जामीनदार शोधा.

अर्थात भाची स्टुडंट व्हिसावर असेल तर हे सरकारी कर्ज तिला मुळातच मिळत नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तरच हा हिशेब लागू.

दुसरा परिणाम उशिरा दिसेल. शिकवायला मास्टर्स किंवा डॉक्टरेट लागते. ते करणारे घटले की प्राध्यापक घटणार आणि मग बीएसएनच्याच जागा कमी होणार.

संशोधनाचं म्हणाल तर एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतली नर्सिंग संशोधन संस्था (स्थापना १९८६) बंद करावी, असं व्हाइट हाउसने २०२६ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात सुचवलं होतं. पण तिजोरीच्या किल्ल्या काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे असतात. पीएचडीचा विचार असेल तर गाइडचं अनुदान किती वर्षांचं उरलंय, हे आधी विचारायला सांगा.