गटात एकच मूल काम करते, बाकीची बसून राहतात, काय करावे?

आठवीच्या वर्गात गट पाडले की प्रत्येक गटातील एकच हुशार विद्यार्थी सगळे लिहून काढतो, दोघे गप्पा मारतात आणि उरलेला खिडकीबाहेर पाहतो, अशी आपली अडचण आहे. यावर गटप्रमुख नेमणे पुरेसे आहे का, असेही आपण विचारले आहे. मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. माझ्या मते गटप्रमुख नेमल्याने हा प्रश्न सुटत नाही, उलट पुष्कळदा वाढतो, कारण प्रमुख म्हणून निवडले जाते तेच मूल आधीही सगळे काम करीत असते आणि आता त्याला तसा अधिकारही मिळतो.

दोष बहुधा मुलांचा नसून आपण दिलेल्या कामाचा असतो. ‘धड्याखालील पाच प्रश्न सोडवा’ हे काम एकट्याने अधिक लवकर होते आणि मुलांना ते आपल्याआधी कळते. म्हणून माहितीच अशी वाटून द्यावी की, प्रत्येकाजवळचा तुकडा इतर तिघांना मिळाल्याशिवाय उत्तर पूर्ण होणार नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी 1971 मध्ये टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे ‘जिगसॉ’ नावाने ही पद्धत वर्गात आणली. तेथे गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या, वर्गांत तेढ होती आणि मुलांना एकमेकांची खरी गरज भासावी, हा तिचा हेतू होता.

मी ती महापुराच्या पाठासाठी वापरतो. प्रश्न असा असतो: सांगलीत पाऊस उघडल्यावरही कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ 45 फुटांच्या धोक्याच्या पातळीकडे का चढत राहते? प्रत्येक गटात चार मुले असतात. पहिल्याला महाबळेश्वर-कोयना भागातील पावसाची माहिती मिळते, दुसऱ्याला सुमारे 105 टीएमसी साठ्याच्या कोयना धरणातून होणाऱ्या विसर्गाची, तिसऱ्याला कराडला कोयना आणि हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते त्या संगमांची, तर चौथ्याला पूररेषेच्या आत झालेल्या बांधकामांची. आधी सर्व गटांतील ‘पहिले’ एकत्र बसून आपला भाग समजून घेतात, मग प्रत्येक जण मूळ गटात परतून तो इतरांना शिकवतो. ही मधली बैठक वगळू नये. अभ्यासात मागे असलेले मूल तेथे आपला भाग दोन-तीनदा ऐकते, बोलून पाहते, आणि मूळ गटात येते तेव्हा त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीतरी असते. 2019 च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरले होते, त्या घरांतील मुले तर छापील माहितीपलीकडचे सांगतात. एखादा गैरहजर राहण्याची धास्ती असेल तर पाच जणांचे गट करून एक भाग दोघांना द्यावा. यासाठी जोडतासिका मिळवावी. पस्तीस मिनिटांत हे होत नाही.

गट आपणच पाडावेत. मुलांवर सोडले तर एका गल्लीतील, एका एसटीने येणारी किंवा एका भावकीतील मुले एकत्र बसतात, आणि साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोड मजुरांचे जे मूल मध्येच वर्गात येते, ते हमखास एकटे उरते. अशा मुलाकडे मुद्दाम महत्त्वाचा भाग द्यावा, मात्र त्याची वाच्यता करू नये. (कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत, जेवत आणि कामे करीत, एकत्र बसवणे आणि एकत्र काम देणे यांतील फरक आपल्या भागाला नवा नाही.) एकदा केलेले गट निदान महिनाभर मोडू नयेत. पहिल्या आठवड्यातील भांडणे पाहून गट बदलले, तर नको असलेल्या सोबत्यापासून सुटण्याचा तो सोपा मार्ग आहे, हे मुले लगेच ओळखतात. कोणाचा खरोखर छळ होत असेल तर मात्र महिन्याची वाट पाहू नये.

गुणांच्या बाबतीत मी ठाम आहे. गटाला एकच गुण देऊ नये. पालकांच्या बहुतेक तक्रारी तेथूनच सुरू होतात आणि त्या रास्तही असतात. काम गटाने करावे, पण तासाच्या शेवटी छोटी चाचणी प्रत्येकाने एकट्याने द्यावी, आणि तिच्यात चारही भागांवरचे प्रश्न असावेत. शिवाय गटाचे उत्तर कोण सांगणार हे आधी ठरवू नये. चिठ्ठीत ज्याचा क्रमांक येईल त्याने उभे राहावे. खिडकीबाहेर पाहणारा मुलगा वळतो तो बहुधा या चिठ्ठीमुळे, कारण त्याच्या शेजारचे तिघेच त्याला तयार करू लागतात.

वर्गात गलका होईल, शेजारच्या वर्गातील शिक्षकांना आधी कल्पना देऊन ठेवावी. आणि प्रत्येक पाठाला ही पद्धत लावू नये: बैजिक राशींचे अवयव पाडण्याचा सराव ज्याचा त्यानेच करायचा असतो, तेथे शेजाऱ्याशी वही ताडून पाहण्याइतके सहकार्य पुरते.