स्कुबा डायव्हिंगचा रेग्युलेटर डीलरकडूनच घ्यायचा का स्वस्तातला चालेल?

प्रश्न (भुसावळचे एक वाचक) : नमस्कार. मी रेल्वेत नोकरीला आहे. मालवणला फिरायला गेलो होतो तेव्हा फोटोवाली डाइव्ह केली आणि तिथून याड लागलं, मग अंदमानला जाऊन ओपन वॉटरचा (डायव्हिंगचा पहिला) कोर्सच करून आलो. आता सुट्टी मिळेल तसं वर्षातून एकदा, जमलं तर दोनदा जातो. पण भाड्याचा रेग्युलेटर (सिलेंडरमधली हवा तोंडात आणून देणारं यंत्र) तोंडात घालायची किळस येते हो, मागच्या वेळी तर माऊथपीस कुणीतरी चावून चावून फाडलेला. म्हटलं स्वतःचा घेऊ. मुंबईच्या डीलरने ५२ हजार सांगितले आणि तेच मॉडेल बाहेरच्या एका साइटवर ३६ हजाराला, ओरिजिनल म्हणून. डीलर म्हणतो ते ग्रे मार्केट आहे, पाण्याखाली जीव जाईल. मित्र म्हणतो डीलर लोक उगाच घाबरवतात. आणि आपल्याकडे भुसावळ-जळगावात असलं दुकानच नाही, मग अधिकृतचा फायदा तरी काय?

उत्तर : भाऊ, दोघंही अर्धं अर्धं खरं सांगताहेत.

आधी डीलरचं घेऊ. ग्रे मार्केटचा माल म्हणजे डुप्लिकेट नव्हे. त्याच कारखान्यात बनलेला तोच रेग्युलेटर असतो, फक्त कंपनीने ज्या डीलरला दिला त्याने किंवा मधल्या कुणीतरी तो खालच्या खाली तिसऱ्यालाच विकला आणि तिथून तो साइटवर आला. त्यामुळे "जीव जाईल" हे जरा जास्तच झालं. मुळात रेग्युलेटर बिघडला की हवा एकदम बंद होते असं लोकांना वाटतं ते तसं नसतं. सिलेंडरमध्ये साधारण २०० बारने (बार म्हणजे दाबाचं माप) भरलेली हवा पहिला स्टेज, म्हणजे सिलेंडरला लावायचा भाग, ९-१० बारपर्यंत खाली आणतो (म्हणजे आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा तेवढी वर) आणि तोंडातला दुसरा स्टेज ती तुमच्या भोवती जेवढा दाब असेल तेवढ्यावर आणून देतो. १८ मीटरवर, तुमच्या ओपन वॉटर कार्डाची हद्द तीच आहे, हा दाब २.८ बार होतो. आजकालच्या बहुतेक रेग्युलेटरची रचनाच अशी असते की आतला सीट (वाल्व ज्यावर टेकतो तो भाग) झिजला तर वाल्व उघडाच राहतो आणि हवा भसाभसा सुटायला लागते. कोर्समध्ये फ्री फ्लो (अशी हवा सुटणं) चालू असताना श्वास घ्यायला शिकवलं असेल, ते याच्यासाठीच. अर्थात सिलेंडर भराभर रिकामा होतो, त्यामुळे वर यायचंच, पण जागच्या जागी गुदमरणं नाही.

आता मित्राचं. फरक खरेदीच्या दिवशी दिसत नाही, वर्षभराने दिसतो.

रेग्युलेटरला सर्व्हिसिंग लागतं. साधारण वर्षातून एकदा किंवा १०० डाइव्ह, काही कंपन्या दोन वर्षं देतात, मॅन्युअलमध्ये असतं ते बघायचं. त्यात सगळं खोलतात, ओ-रिंग (रबरी कड्या), सीट, फिल्टर बदलतात, परत जोडून दोन स्टेजच्या मधला दाब गेजवर तपासतात. हे पार्ट बाजारात सहसा सुटे मिळत नाहीत, बहुतेक कंपन्या ते आपल्या ट्रेनिंग घेतलेल्या टेक्निशियनलाच देतात. अधिकृत डीलरकडचा पीस असेल आणि तुमच्या नावावर रजिस्टर असेल तर वॉरंटी चालते, काही ब्रँड तर पहिल्या मालकाला सर्व्हिसचे पार्ट कायम फुकट देतात, फक्त मजुरी घेतात, अट एवढीच की सर्व्हिस वेळच्या वेळी करायची. ग्रे मार्केटच्या पीसला हे काही नाही. बरेच सर्व्हिसवाले पूर्ण पैसे घेऊन काम करून देतात, काही जण हातच लावत नाहीत. साइटवाला म्हणेल आमची वॉरंटी आहे ना, पण ती कंपनीची नाही, त्याची स्वतःची. बिघडलं तर पीस परत त्याच्या देशात पाठवा, कुरिअर तुमचं, आणि परत येताना कस्टमवाल्यांना समजावत बसा की हा माझाच जुना आहे, नवीन मागवला नाही. अजून एक, कधी एखाद्या मॉडेलमध्ये दोष सापडला तर कंपनी माल परत बोलावते, तो निरोप ज्यांचा सीरियल नंबर रजिस्टर आहे त्यांना जातो. तुमचा नंबर कुणाच्याच यादीत नसेल तर तुम्हाला कोण कळवणार?

आणि ते १६ हजार काही सगळे वाचत नाहीत. ३६ मध्ये कुरिअर धरा, मग कस्टम ड्युटी, मग आयजीएसटी, मग कुरिअर कंपनीचा स्वतःचा चार्ज, आणि एक सर्व्हिस पूर्ण पैशाने धरा की हिशोब पार बदलतो. कागदावर मांडून बघा एकदा, मी म्हणतो म्हणून नको.

भुसावळात दुकान नाही हा मुद्दा मात्र बरोबर आहे आणि डीलर लोक याच्यावर बोलत नाहीत. तुम्हाला काहीही केलं तरी पार्सलच करायचंय. म्हणून डीलरला पैसे द्यायच्या आधी सरळ विचारा, सर्व्हिस तुम्ही स्वतः करता का पुढे कुणाकडे पाठवता, किती दिवस लागतात, सर्व्हिसच्या पार्टचं किट स्टॉकला असतं का. उत्तर गोलमोल आलं तर तो नुसता विकणारा आहे आणि मग त्याला जास्तीचे पैसे का द्यायचे. सर्व्हिसला पावसाळ्यात टाकायचं, जून ते सप्टेंबर मालवणचं डाइव्हिंग बंदच असतं.

अधिकृत आहे का हे त्याच्या दुकानातल्या स्टिकरवरून ठरवू नका, कंपनीच्या वेबसाइटवर डीलरची यादी असते तिथे नाव बघा. पीस हातात आला की पहिल्या स्टेजवर कोरलेला सीरियल नंबर बघायचा, तो घासलेला किंवा नंबरवर स्टिकर मारलेला असेल तर घेऊच नका, कारण माल कुणाकडून फुटला हे कंपनीला कळू नये म्हणूनच तो घासतात. सीईच्या (युरोपातल्या सुरक्षा मान्यतेच्या) शिक्क्याजवळ चार अंकी नंबर आणि ईएन २५० (रेग्युलेटरचं युरोपियन मानक) लिहिलेलं असलं पाहिजे. युरोपातून मागवत असाल तर अजून एक भानगड आहे, तिथे नायट्रॉक्सचे (जास्त ऑक्सिजनवाल्या हवेसाठीचे) रेग्युलेटर एम २६ आट्याचे मिळतात, ते आपल्या साध्या सिलेंडरला बसतच नाहीत, स्वस्त दिसतो म्हणून घेतला आणि बोटीवर गेल्यावर कळलं असं होतं. योक का डिन (सिलेंडरला जोडायच्या दोन पद्धती, योक वरून कसायचा आणि डिन आट्याने आत बसवायचा) हेही तुम्ही जिथे जाता त्या सेंटरला आधी फोन करून विचारा, डिन घेतला तर त्याला योकचा अडॅप्टर लावता येतो.

बिल पक्कं घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. आपल्याकडे कपाशीच्या बियाण्याचं बिल, टॅग आणि रिकामी पिशवी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवतात ना, तसंच. भारतातल्या विक्रेत्याने फसवलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मुंबईला खेटे नाही मारायचे, जळगावच्या आयोगात जायचं. बाहेरच्या साइटवाल्याला जळगावात कोण बोलावणार.

घरी आल्यावर सिलेंडर नसतानाही एक टेस्ट होते. पहिल्या स्टेजचं डस्ट कॅप घट्ट बसवा, माऊथपीस तोंडात धरा आणि हळूच हवा ओढा. हवा अजिबात यायला नको, दोन सेकंदात ओढणं अडकलं पाहिजे. थोडी जरी येत असेल तर डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) किंवा एक्झॉस्ट वाल्व (श्वास बाहेर सोडायची झडप) कुठेतरी लीक आहे, आणि पाण्यात तिथूनच पाणी येणार. ही टेस्ट पार्सल उघडल्या उघडल्या करा, रिटर्नची मुदत चालू असताना. आणि मे महिन्यात तो माळ्यावर पत्र्याखाली टाकू नका, आपल्याकडच्या ४५ डिग्रीत रबर आणि ओ-रिंगची वाट लागते. घरातल्या थंड खोलीत, होजला (नळ्यांना) घडी न पाडता ठेवा.

माझं विचाराल तर रेग्युलेटर आणि बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) अधिकृतकडूनच. डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं घड्याळासारखं यंत्र) पण शक्यतो, कारण त्याची बॅटरी आणि सीलचं काम निघतंच. मास्क, फिन्स, स्नॉर्केल, वेटसूट जिथे स्वस्त मिळेल तिथे घ्या, यात वॉरंटीचं काय एवढं. फक्त मास्क ऑनलाइन घेऊ नका, तो चेहऱ्यावर बसतो का बघावं लागतं. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हवा आत ओढायची, हात सोडला तरी चिकटून राहिला तर आपला. मिशी असेल तर जरा त्रास होतो.

पण खरं सांगू का, तुम्ही वर्षातून एकदा जाता, तुमची तक्रार रेग्युलेटरची नाही, माऊथपीसची आहे. तो काही शे रुपयांना मिळतो, एका केबल टायने बांधलेला असतो. स्वतःचा माऊथपीस आणि दोन-चार केबल टाय बॅगेत ठेवा, सेंटरवाल्याला सांगा, तो दोन मिनिटांत बदलून देईल. डाइव्ह वाढल्या की मग ५२ हजारांचं बघू.

प्रश्न (एरंडोल) : स्वतःचा सिलेंडरही बाहेरून मागवला तर स्वस्त पडेल का?

उत्तर : नका मागवू. आपल्याकडे सिलेंडरला २०१६ चे गॅस सिलेंडर नियम लागतात, नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (स्फोटक आणि दाबाच्या सिलेंडरवर देखरेख करणारी केंद्राची संस्था) मान्यता नसलेला सिलेंडर आणायलाही परवानगी लागते आणि कायद्याने कुणी भरूनही देऊ शकत नाही. शिवाय ठराविक वर्षांनी पाण्याच्या दाबाची टेस्ट. सेंटरवर सिलेंडर डाइव्हच्या पैशात मिळतोच, जळगाव जिल्ह्यात तो भरणार कुठे?

प्रश्न (चोपडा तालुक्यातले शेतकरी) : विहिरीत पाण्याखाली फुटव्हॉल्व्ह अडकलाय. ऑनलाइन अर्ध्या लिटरचा मिनी सिलेंडर मिळतो, सोबत हातपंप, तोंडाला लावून खाली जाता येतं म्हणे. पाण्याची खोली ३०-३५ फूट. घेऊ का?

उत्तर : दादा, अजिबात नाही. इथे डीलर कोणता हा प्रश्नच नाही.

हिशोब बघा. अर्धा लिटर, २०० बार, म्हणजे वरची १०० लिटर हवा. पान्याने जोर लावणारा माणूस मिनिटाला २५ लिटर सहज ओढतो, आणि ३३ फुटांवर दाब दुप्पट म्हणून हवाही दुप्पट, ५० लिटर. झाली की दोन मिनिटं, त्यात खाली जाणं आणि वर येणं दोन्ही आलं. हवा संपली की माणूस घाबरून श्वास रोखून वर पळतो, आणि खाली घेतलेली हवा वर येईपर्यंत छातीत दुप्पट फुगते, त्याने फुफ्फुस फाटतं. चार-पाच फुटांवरूनसुद्धा इजा होऊ शकते, म्हणून कोर्समध्ये पहिल्या दिवशी श्वास कधी रोखायचा नाही हेच शिकवतात. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची नळी तोंडात धरून उतरणं तर त्याहून वाईट, त्यात तेलाची वाफ येते. आणि काठावर किंवा विहिरीत डिझेल इंजिन चालू असेल तर पाण्याच्या वरची हवाही भरवशाची नसते.

पाइपासकट वर ओढा. गावात बोअरची मोटर काढणारे असतात, त्यांच्याकडे तिवई आणि चेनपुली असते. ओढूनही नाही निघालं तर दुसऱ्या पंपाने पाणी उपसून पातळी खाली घ्या आणि मग काढा. दोन दिवस पाणी द्यायचं राहील, राहू द्या.