नॉर्वेतली शेगडी आणि आपली चुलीची सवय

ताई, तुम्ही विचारलंय की जानेवारीत लिलेहामरला येतोय, भाड्याच्या घराच्या फोटोत कोपऱ्यात लोखंडी शेगडी दिसते, तर सांगलीच्या घरी चूल पेटवायची सवय आहे तेवढी पुरेल का?

ती सवयच नडते! मी कोरेगावचा, चुलीपुढं बसून वाढलेला. पहिल्याच रात्री खाली कागद, वर काटक्या, त्यावर लाकडं रचली आणि जोरात फुंकर घातली. धूर सगळा खोलीत. अलार्म बोंबलायला लागला आणि उणे 15 मध्ये खिडक्या उघड्या टाकून बसलो.

चूल विसरा, न्हाणीतला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीनं ओढ धरली की त्याला फुंकणी लागत नाही. इथंही सगळा खेळ ओढीचाच. पण थंडीत बंद पडलेल्या चिमणीत गार, जड हवा अडून बसलेली असते. ती आधी हलवायची. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा बंद करा (तो चिमणीतली हवा उलटी घरात खेचतो), जवळची खिडकी बोटभर उघडा आणि शेगडीत अगदी वर, धुराच्या वाटेजवळ, कागदाचा बोळा पेटवा. ज्वाळा वर ओढली गेली म्हणजे वाट मोकळी.

मग खाली दोन-तीन जाड फोडी, मधे हवेला जागा सोडून. त्यावर काटक्या आडव्या-उभ्या, आणि काडी लावायची सगळ्यांत वर. आमच्या आजीनं बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण आग हळूहळू खाली उतरते आणि खालच्या लाकडाचा धूर वरच्या जाळातून जाताना तिथंच जळून जातो. हवेची झडप पूर्ण उघडी, दार पहिली काही मिनिटं किलकिलं, तोवर जागचं हलू नका. जाळ धरला की दार बंद. लोखंड तापायला वेळ जातो, घाईनं लाकडं कोंबू नका. निखारे झाले की एक-दोन फोडी.

रात्रभर पुरावी म्हणून हवा कोंडून धुमसत ठेवायचा मोह होतो. नका ठेवू. काच काळी होते ते सोडा, चिमणीत डांबरासारखा थर बसतो आणि कधीतरी तोच पेटतो. तसं झालंच तर हवा बंद करा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, अग्निशमन दलाचा 110 नंबर लावा.

जळण इथं बर्च नावाच्या झाडाचं, 40 किंवा 60 लिटरच्या पोत्यात मिळतं. लाकूड लिटरवर, याचं मला अजून नवल वाटतं. दोन फोडी एकमेकींवर आपटा: टणक आवाज आला तर वाळलेलं, भद्द वाजलं तर ओलं. साल फेकून देऊ नका, ओलसर असली तरी झटकन पेटते. रॉकेल मात्र चुकूनही नाही.

राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, घरापासून लांब. आत निखारा दिवसभरानंतरही जिवंत सापडतो. आणि घरमालकाला आत्ताच विचारून ठेवा, चिमणी शेवटची कधी झाडली आणि कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म आहे का. नसेल तर आल्या आल्या घ्या.